गाडीपुढे चालणारा

फौजेत वर्षानुवर्षं डोंगरात ट्रक चालवला, चाक कधी फसू दिलं नाही. या सव्वीस जानेवारीला मात्र यमुनेच्या रेतीत, तेही वहिनींसमोर, गाडी पोटापर्यंत गाडून बसलो.

वहिनी म्हणजे आमच्या हवालदार साळुंखेंच्या मिसेस. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्याच सोसायटीत राहतात. साळुंखे दिल्ली कॅन्टला असताना रविवारी यमुनेच्या एका लांबच्या डोहावर गळ टाकून बसायचे. ड्रायव्हर मी. मासा क्वचित मिळायचा, शिव्या मला दर वेळी.

त्या सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं. शहिदांच्या बोर्डावर साळुंखेंचा फोटो नव्हता. सेक्रेटरीला विचारलं. समोसा खात म्हणाला, "अंकल, वो तो एक्सिडेंट केस था ना? लड़ाई में थोड़ी गए."

माझं डोकं फिरलं. अरे, वरच्या पोस्टवर रेशन काय उडत जातं? रस्ता म्हणजे नाल्यातले दगड. धुकं असलं की एकानं उतरून पुढे चालायचं, ड्रायव्हरनं फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. त्या पहाटे साळुंखे पुढे होते. वायरलेसवर विचारणा झाली, "पोझिशन?"

मी कळवलं, "नाला क्रॉस करतोय, सर."

तेवढ्यात साळुंखेंच्या पायाखालची कडा खचली. जाता जाता साळुंखेंनी हात वर केला. थांब. मी ब्रेक मारला. ट्रक राहिला, मी राहिलो.

आणि हा म्हणतो एक्सिडेंट!

सेक्रेटरीला झाडणार होतो. पण सातवी नापास माणूस, रागात हिंदीच आठवेना. नुसता "आप... आप..." करत राहिलो. वहिनींनी बाही ओढली. "भाऊजी, चला. डोहावर जाऊ."

डांबर संपलं, सरकंड्याच्या उंच गवतातून चाकोरी सुरू झाली. पुढे रेती, वर धुकं. वहिनी म्हणाल्या, "उतरून पुढे चालू का?"

"अजिबात नाही. माझ्या गाडीपुढे कुणी चालायचं नाही."

रेतीत टायरची हवा कमी करायची, तेही रागात विसरलो. ॲक्सिलेटर दाबला आणि खाली गेलो.

हवा सोडली, हातांनी रेती उपसली, परत स्टिअरिंगवर बसलो. वहिनी पदर खोचून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. हात वर, अगदी रस्ता दाखवणाऱ्या साळुंखेंसारखा. माझा पाय क्लचवरून उचलेना.

"वहिनी, बाजूला व्हा. प्लीज."

"त्या सेक्रेटरीला ह्यांचं काम कळलं नाही, तो सिव्हिलियन आहे. तुम्हाला काय झालं? हाताकडे बघा!"