ताईचं बॅरल

दाजींचा फोन आला तेव्हा आधी ऐकू आली ती घरघर आणि मग त्यांचा आवाज. "कुसुम, तुजी ताई गेली…" एवढंच ते बोलले. मागे ताईचं दगड घासायचं बॅरल फिरतच होतं. मला क्षणभर वाटलं, दाजींचा काहीतरी घोटाळा होतोय. बॅरल चालू आहे म्हणजे ताई अंगणात असणारच.

प्रवरेकाठच्या बेलापूरला पोचले तोवर ते कुणीतरी बंद केलं होतं. मयताच्या घरी असला आवाज शोभत नाही, असं दाजींच्या चुलतभावांनी मला सुनावलं. दाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. "चालू करा. तिचा घाना अर्धाच झालाय." मी उठले आणि बटण दाबलं. चुलतभावांची तोंडं बघण्यासारखी झाली. शोभत नसेल तर नसो! आतला चिखल एकदा बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो, आणि त्यात महिनाभर घासलेले ताईचे दगड अडकून पडले असते.

शेजारच्या रानात विहीर खोदताना निघालेल्या मुरमाच्या ढिगातून ताईने पहिली गारगोटी उचलून आणली होती. वरून ओबडधोबड, फोडली तर आत पांढऱ्या-तपकिरी रेघा. मग तिने मोबाईलवर दगड घासून चकचकीत करायचं यंत्र पाहिलं. ते होतं तुपाच्या डब्याएवढं. ताईचे दगड नारळाएवढे. एवढुशा डब्यात माझं काय मावणार, म्हणत तिने ऑइलचं रिकामं बॅरल आणलं, त्याला आतून ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर लावलं, खाली फिरते पाइप बसवून घेतले. वेल्डिंगवाल्याला तिने चहा पाजला आणि तितकंच पिडलं. म्हशी विकल्यापासून कडबाकुट्टीची मोटार पडून होती, ती जोडली. आत दगड, पाणी आणि धार लावायच्या चाकाची खरखरीत पूड. झालं.

पहिल्या खेपेला तिने बॅरल काठोकाठ भरलं. आवाज नाही, काही नाही, कसं शांत फिरत होतं! दाजी खूश. बऱ्याच आठवड्यांनी उघडलं तर दगड जसे गेले तसे बाहेर आले. त्यांना गडगडायला जागाच नव्हती. ताईने तिसरा हिस्सा दगड काढून टाकले आणि मग जी घरघर सुरू झाली ती गल्लीच्या टोकापर्यंत. कुणी तक्रार घेऊन आलं की ती सांगायची, "आवाज येतोय म्हंजी काम हुतंय. गप फिरलं तर आत काय बी होत न्हाई."

मूलबाळ नसलेली बाई अंगणात दगड फिरवत बसते म्हटल्यावर गावाला बोलायला विषयच मिळाला. एकदा भावकीतल्या एकाने सगळ्यांदेखत विचारलं, ह्याचा उपयोग काय? ताईने हातातला दगड पदराला पुसला. "तुज्या मिशीचा काय उपयोग हाय ते आदी सांग." तो गेला, पण जाताना तिने त्याच्या हातात एक चमकदार गारगोटी ठेवलीच. ती त्याच्या टीव्हीपुढे अजून आहे. परवा बघितली मी… मला फार बरं वाटलं.

दहाव्याला आम्ही प्रवरेच्या घाटावर गेलो. पिंडाला कावळा लगेच शिवला. काही इच्छा मागे राहिली नाही, सुटली बाई, असं सगळे म्हणू लागले. "कावळ्याला काय कळतंय," दाजी पुटपुटले. उरला होता जीवखडा. सरणाभोवती फिरताना मडकं फोडायला घेतलेला तो काळा दगड, दहा दिवस त्यालाच ताई मानून पाणी दिलेला. गुरुजींनी तो नदीत सोडायला सांगितला. दाजींनी मूठ उघडली नाही. "ह्यो घरी न्यायचाय." गुरुजींनी समजावलं, असं करत नाहीत. चुलतभावांनी आवाज चढवला. दाजी जन्मभर कुणाला उलट बोलले नव्हते. "पान्यात गप पडून ऱ्हानारी न्हवती ती," म्हणाले आणि ओल्या धोतराने घाट चढू लागले. मीही निघाले त्यांच्या मागे. कोणाची हिंमत होती अडवायची?

घरी येऊन त्यांनी बॅरल थांबवलं, झाकण काढलं आणि जीवखडा आत सोडला. आता खरं तर ताईचा कडक नियम होता… काळा दगड गारगोट्यांत टाकायचा नाही. तो चमकत तर नाहीच, उलट झिजून सगळा घाणा बिघडवतो. मी तसं दाजींना म्हटलं. ताई असती तर केवढी ओरडली असती.

"वरडू दे की," झाकणाचे नट आवळत ते म्हणाले.

मी बटण दाबलं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.