तक्त्यात नसलेलं अंडं

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही आणि औषधांतलं मला फारसं कळत नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, आईची शाळा चौथीत सुटली. त्यामुळे काही लिहायला बसलो की मागून कुणीतरी विचारेल, तुला हे कुणी सांगितलं, असं वाटत राहतं. तरीही दोन गोष्टींची तुलना कशी करायची हे मी ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्याबद्दल कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे धाडस.

मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी कोलोनला आलो तेव्हा दोन महिने खोली मिळेना. शेवटी एका मराठी कुटुंबानं त्यांच्या घरातली मागची लहान खोली दिली. काका सॉफ्टवेअर कंपनीत. काकू सोलापूरच्या, तिथे अठरा वर्षं फार्मासिस्ट म्हणून औषधांच्या दुकानात उभ्या राहिलेल्या. इथल्या आपोथेकेत तेच काम करायचं तर सरकारी तोंडी परीक्षा द्यावी लागते, अख्खी जर्मनमधून. तीन वेळा बसता येतं. काकू पहिल्या वेळी नापास झाल्या होत्या.

"औषध आठवत होतं रे," त्या सांगायच्या. "शब्द तोंडाशी यायचा आणि परत जायचा. समोर तिघं बसलेली, अगदी सभ्य. ती वाट बघतायत आणि मी छताकडे."

तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. दुसरी परीक्षा मार्चमध्ये होती. आपल्या डोक्यात आता नवीन काही टिकत नाही, ही त्यांची भीती. ती त्या हसून सांगत, पण रोज सांगत.

संध्याकाळी जेवणाआधी स्वयंपाकघर म्हणजे आपोथेके आणि मी गिऱ्हाईक. कधी खोकला झालेला आजोबा, कधी गुडघे दुखणारी बाई. काकू पोळ्या लाटता लाटता जर्मनमधून गोळी कशी घ्यायची ते समजावत. मी आपला डांके, डांके म्हणत मान हलवायचो.

"इतकं नम्र गिऱ्हाईक कोलोनमध्ये नसतं," त्या म्हणायच्या. "भांड जरा. गेल्या वेळची गोळी लागू पडली नाही म्हण."

"काकू, तुमच्याशी कसं भांडू?"

"तुझ्या काकांना विचार. त्यांना चांगलं जमतं."

जानेवारीत काकांनी तीन बाटल्या मागवल्या. ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की कोलीन घेतलं की स्मरणशक्ती वाढते, शिकलेलं डोक्यात राहतं. कोलीन म्हणजे शरीराला लागणारा एक अन्नघटक. मेंदूत निरोप नेणारं एक रसायन त्यापासून बनतं. तिन्ही बाटल्यांवर नावं वेगळी होती: कोलीन बायटार्ट्रेट, सिटिकोलीन, अल्फा-जीपीसी. काकांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या. "अगं, घे. मेमरी अपग्रेड."

काकूंनी बाटल्या उघडल्या नाहीत. माझ्यापुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "तू तुलना कर. तुला युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे."

मी घाबरलो. "काकू, फार्मासिस्ट तुम्ही. मी गिअर शिकतो."

"पण गरज मला आहे. ज्याला गरज असते ना, त्याला लेबलवर हवं तेच दिसतं. दुकानात मी हे रोज बघायचे. आता मी काउंटरच्या अलीकडे आहे. तू बघ."

त्या वाक्यानं मी किती फुगलो, हे आज लिहितानाही लाज वाटते. आमच्या घरात माझा सल्ला कुणी मागितला होता तो मोबाइलचं रिचार्ज कुठलं करायचं यापुरता. मी दोन आठवडे वाचलं, कळलं नाही ते पुन्हा वाचलं, आणि पट्टी लावून तक्ता आखला. बायटार्ट्रेटच्या गोळीवरचा आकडा सगळ्यात मोठा म्हणून ते पहिलं.

काकूंनी चष्मा लावला. त्यांनी तक्ता वाचण्याआधी बाटली उलटी केली आणि मागचं बारीक छापलेलं वाचलं. ही त्यांची सवय. समोरची बाजू विकणाऱ्यासाठी, मागची घेणाऱ्यासाठी, असं त्या म्हणत.

"हे वजन कशाचं आहे?"

"कोलीनचं."

"नाही. अख्ख्या संयुगाचं. त्यात कोलीन निम्म्याहूनही कमी. सिटिकोलीनमध्ये तर साधारण पाचवा हिस्सा. गोणीसकट धान्य तोललंस."

मी खाली बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. पेन्सिलीनं त्यांनी दोन नवे रकाने आखले. "कोलीन किती मिळतं हा एक प्रश्न. स्मरणशक्तीला उपयोग होतो का, हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि कुणावर तपासलं तेही लिही."

पुन्हा एक आठवडा. दुसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखं थोडंच सापडलं. सिटिकोलीनच्या काही छोट्या चाचण्या वयस्कर लोकांवर झालेल्या, थोडा फायदा दिसलेला. अल्फा-जीपीसीच्या बऱ्याचशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर. बायटार्ट्रेटनं निरोगी तरुणांच्या स्मरणशक्तीत ठोस फरक दिसला नव्हता. जास्त प्रमाणात घेतलं तर पोट बिघडतं, अंगाला माशासारखा वास येऊ शकतो, तेही लिहिलं.

काकूंनी सगळं शांतपणे वाचलं. "यात सोलापूरची एक्कावन्न वर्षांची, प्रकृतीनं धडधाकट, जर्मन शब्द विसरणारी बाई कुठे आहे?"

"नाही सापडली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा खूश दिसल्या.

मग त्यांचं बोट खाली गेलं. गोळ्यांखाली मी रोजच्या जेवणातल्या पदार्थांचं कोलीन लिहिलं होतं. सोयाबीन, राजमा, दूध, बटाटा, फ्लॉवर. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"अंडं का नाही?"

अंड्यात किती कोलीन असतं ते मी वाचलं होतं. एका अंड्यात सुमारे दीडशे मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या यादीतल्या कुठल्याही पदार्थाच्या एका वाढणीपेक्षा जास्त. पण त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं. देवघरही त्याच खोलीच्या कोपऱ्यात. त्या टेबलावर ठेवायच्या कागदावर तो शब्द लिहायला माझा हात धजला नव्हता.

"तुम्ही खात नाही म्हणून..."

"मी खात नाही हा माझा प्रश्न. तक्त्याला सोवळं नसतं. उद्या कुणी खाणारी बाई हा कागद वाचेल, तिला काय सांगशील? लाजलो म्हणून?" त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिही. सगळ्यात वर लिही."

मी त्यांच्यासमोर 'अंडं' लिहिलं. काका दारातून बघत होते.

"आणि पाणी तापवायच्या केटलमध्ये अंडी उकडू नकोस," त्या पुढे म्हणाल्या. "ऑक्टोबरपासून वास येतोय. बाल्कनीत जुनी शेगडी आहे, एक पातेलं देते, ते तुझं."

माझे कान तापले. काका म्हणाले, "अरे, मला इतक्या वर्षांत बाल्कनी मिळाली नाही."

मी काकूंकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो तो त्या दिवसापासून. आजवर मला वाटायचं, शिकलेला माणूस म्हणजे पुष्कळ माहिती असलेला. काकूंना गोळी हवी होती, मनापासून हवी होती. मार्च जवळ येत होता. तरी त्यांनी आपल्या गरजेला तक्त्यात जागा दिली नाही, आपल्या देवघरालाही दिली नाही. अंडं त्यांनी खाल्लं नाही. ते सगळ्यात वर लिहून घेतलं, एवढंच.

बाटल्या न उघडताच परत गेल्या. सोयाबीनची उसळ आठवड्यात दोनदा होऊ लागली, "कमी पडत असेल तर भरून निघेल, बाकी वचन नाही" असं सांगून. आणि संध्याकाळी मी भांडायला शिकलो. गोळी लागू पडली नाही, रांग फार मोठी आहे, तुमचे उच्चार कळत नाहीत. हे शेवटचं म्हणताना मला जड गेलं. काकूंनी आपलं आधीचं वाक्य जास्त सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं.

फेब्रुवारीच्या शेवटी इंटर्नशिपसाठी मी श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनला आलो. परीक्षेच्या दिवशी दुपारपर्यंत फोन उलटा ठेवला होता. संध्याकाळ झाली तरी काही नाही. मी विचारलं नाही; आईनं माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजाऱ्यांना विचारू दिलं नव्हतं, तसंच. दुसरा दिवसही गेला. तिसऱ्या दिवशी, ट्रामच्या थांब्यावर, काकूंचा आवाजी निरोप आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अरे, घसा बसला होता म्हणून उशीर. एक शब्द आठवलाच नाही. अगदी साधा. मग वर्णन करून सांगितलं, जसं तुला सांगायचे तसं. परीक्षक बाईंनी मान हलवली. पास झाले."

माझी ट्राम येऊन गेली. मी निरोप पुन्हा लावला.

"पास झाले."