दवाखान्याच्या डब्याची लाल फीत

नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं होतं. नेमणूक येईपर्यंत शिरूरला घरी बसण्यापेक्षा मी दौंडला आले. एका धर्मादाय संस्थेनं तिथं रेल्वेच्या दोन जुन्या डब्यांत डोळ्यांचा दवाखाना थाटला होता. डबे स्टेशनापलीकडच्या साइडिंगला उभे असत. त्यातच ऑपरेशनची खोली, रोग्यांच्या खाटा, स्वयंपाकघर, आणि टोकाला आम्हा स्वयंसेवकांच्या झोपायच्या फळ्या.

पुण्याहून आलेल्या प्रमुख बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे आपण सगळे एक कुटुंब." मी स्वयंपाकात मदत करते म्हटल्यावर त्यांनी माझं आडनाव विचारलं, आणि ते ऐकून मला चादरी उकळायचं काम दिलं. कुटुंबात कामाची वाटणी लागतेच. झोपायला वरची फळी मिळाली. दुपारी तिथं छताचा पत्रा असा तापायचा, की चादरी नुसत्या वर नेऊन ठेवल्या असत्या तरी काम झालं असतं.

पुढच्या दाराला लाल फीत बांधलेली होती. उद्घाटनाला एक पुढारी यायचे होते. ते आज येतील, उद्या येतील असं चाललं होतं. रोगी मात्र ठरल्या दिवशी आले, वरवंडहून, भांडगावहून, कुणी एस.टी.नं, कुणी बैलगाडीनं. लष्करातून निवृत्त झालेले आमचे डॉक्टर म्हणाले, "मी ह्यांना परत पाठवणार नाही," आणि कामाला लागले. बाईंनी फीत काही सोडू दिली नाही. मग आम्ही रोग्यांना मागच्या दारानं, कांद्याच्या पोत्यांवर पाय द्यायला लावून, स्वयंपाकघरातल्या पातेल्यांमधून आत घेऊ लागलो.

पहिलं ऑपरेशन झालं निमोण्याच्या एका आबांचं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, एवढंच त्यांना करायचं होतं, आणि तेवढंच त्यांना जमत नव्हतं. मी दिवसभर ओरडायची, "आबा, मान." ते म्हणायचे, "न्हाई हलवली. तीच हलली."

शेवटी पुढारी आले. बाईंना फोटोसाठी 'पहिला रोगी' हवा होता, आणि डब्यात जागे एकटे आबाच होते. बाई घाईनं त्यांच्या कानाशी वाकल्या. "आबा, साहेबांनी विचारलं तर ऑपरेशन व्हायचंय म्हणा."

"व्हय," आबा म्हणाले.

फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि त्या दारानं पहिल्यांदाच माणूस आत आला. पुढाऱ्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाला तयार झाला.

"काय आबा, ऑपरेशनची भीती नाही ना वाटत?"

"व्हायचंय म्हणत्यात बाई," आबा म्हणाले. "पन एकदा झालंय. ही पट्टी त्याचीच. आता परत करायचं आसंल तर करा, फुकाटच हाय."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी चादरींची घडी घालू लागले; ती आधीच घातलेली होती.

पुढारी मात्र मुरलेले होते. बाहेर भाषणात ते म्हणाले, की उद्घाटनाची वाट न बघता कामाला लागा, हा निरोप त्यांनीच धाडला होता. पहिली टाळी बाईंनी वाजवली. डॉक्टर तेवढ्यात हात धुऊन पुढच्या रोग्याकडे गेले होते.

काही दिवसांनी आबांची पट्टी सोडली. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढं जाड भिंगाचा चष्मा धरला. आबांनी डॉक्टरांना पाहिलं, बाईंना पाहिलं, मग विचारलं, "ती वरडनारी म्हातारी कुठं हाय?"

"मीच ती, आबा."

त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. मी उगीच पदर सारखा केला.

"आवाज लई जुना हाय तुझा, पोरी," ते म्हणाले. मग चष्मा स्वतःच्या हातात घेऊन म्हणाले, "आता हलवू का मान?"

"हलवा," मी म्हटलं. "पण सावकाश."

त्यांनी सावकाश मान वळवली आणि खिडकीतून शेजारच्या रुळांवर शंटिंग करणारं इंजिन बघत बसले.