तुरीत वर पाहणारी

जवळ सरक गं पोरी, वाचतेच आहेस तर नीट वाच. दिवाळीला येते म्हणालीस अन् फिरकली नाहीस. रागवायचा हक्क आहे मला. असो. आज तुला आमच्या डुबकीचं सांगते.

डुबकी उभ्या तुरीत शिरली की मान वर करून पाहत राहायची. विहिरीच्या तळातून पाहावं तशी. मी विचारी, "काय पाहून राह्यली वं?" तर म्हणे, "मावशी, वर किती पानी हाय ते." भर दुपारी अंगावर काटा यायचा.

माझ्या बहिणीची ही मुलगी. आई गेल्यावर आसेगावात माझ्याकडेच वाढली. बाकीची पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. हिने भोपळा सोडून फेकला. "मले तरंगाचं नाई, खाली जाचं हाय." आणि गेली की बाई, पार समुद्राच्या तळापर्यंत! जगाच्या टोकाला कुठलंसं थंडगार बेट, तिथे पाण्याखाली केल्प नावाच्या शेवाळाचं जंगल. ताडाएवढं उंच, म्हणे. पाठीवर हवेची टाकी घेऊन ती त्यात उतरायची, त्याचाच अभ्यास करायची.

मी अडाणी, तिला आपली चकव्याची शिकवण दिली. शिवारात वाट चुकवणारा चकवा ओळखीच्या आवाजात एकदाच हाक मारतो. ओ द्यायची नाही, जागेवर बसून राहायचं. ती हसायची. "पान्यात कोन हाक मारते वं? तोंडात तं नळी असते."

मग एकदा न कळवताच घरी आली. उन्हातही गोधडी पांघरून बसे. भाकर पुढ्यात ठेवली तर चावायचं विसरे. बऱ्याच दिवसांनी चुलीपाशी बोलली.

"जंगलात वाट चुकली आमची, मावशी. माही अन् माह्या जोडीदाराची. तवा हाक आली. तुह्या आवाजात."

"मंग?"

"मी शेवाळाचं खोड धरून बसून राह्यली. त्यालेही आली असंन, त्याच्या कोनाच्या तरी आवाजात. तो गेला तिकडं. बुडबुडे दिसत राह्यले, मंग तेही नाई."

तो सापडलाच नाही. मी म्हटलं, देवानं तुले वाचवलं. तर म्हणाली, "मले ठावूक होतं, मावशी. त्याले कोनी सांगतलंच नोतं."

ते तिला खात होतं. शेवटी परत निघाली. मालेगावच्या स्टँडवर मी तिचा हात सोडेना. "कायले जाऊन राह्यली वं?"

"तो अजून तिथंच हाय. त्याले कोनी हाक तं माराले पाह्यजे."

"पान्यात हाक मारता येत नाई म्हनत होती न तू?"

"येते," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

फोन येतो तिचा अधूनमधून. रोज उतरते म्हणते. आवाज ओला वाटतो, बाई. अलीकडे मलाही म्हणते, "मावशी, ये न वं इकडं. आता पानी थंड लागत नाई." मी हो म्हणत नाही, नाही म्हणायलाही जीभ वळत नाही. घरात एकटी आहे मी. तू ये गं, लवकर ये.