माझ्या पाटल्या न्हाईत

ती बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सातवी शिकून शिपाई झालो, जमादार होऊन घरी बसलो. चोर पुष्कळ पाहिले आणि विसरलो. हिला विसरता आलं नाही.

सत्तर साल उलटल्यानंतरची गोष्ट. चाकणचा एक सराफ आम्हाला खबर द्यायचा. एकदा म्हणाला, "जमादार, आकुर्डीचा एक सुटाबुटातला इसम बायकी पाटल्या मोडायला आणतो. दर वेळी माप निराळं." पाळत ठेवली आणि पंचांसमक्ष पाटल्यांसकट धरला.

ठाण्यात आणून त्याला चहा पाजला. पट्ट्यापेक्षा चहानं माणूस लवकर बोलतो.

"चोरीच्या नाहीत साहेब. लोकांनी आपल्या हातानं दिल्या."

ज्यांची पोरं अमेरिकेत शिकायला गेलीत अशी घरं तो हुडकायचा. तिकडं विद्यार्थ्यालाही दरसाल कराचं विवरणपत्र भरावं लागतं, तुमच्या पोरानं भरलं नाही, आता सरकार त्याला देशाबाहेर सोडणार नाही, मी मिटवतो, असं सांगायचा.

"आणि लोक ऐकतात?"

"शेतकरी माणसं, साहेब. सारा थकला की तलाठी जप्ती आणतो, हे त्यांना ठाऊक. मी फक्त तलाठ्याला अमेरिकेत पाठवला."

हसू आलं, खोटं कशाला सांगू.

पाटल्या रहाटणीच्या एका विधवेच्या होत्या. एकुलता पोरगा तिकडं शिकत होता. तिच्यापुढं पाटल्या ठेवल्या.

"माझ्या न्हाईत."

"मावशी, मनगटावर पांढरा पट्टा दिसतोय."

"आसंल. तुमास्नी काय करायचं? कागुद केला तर माझ्या पोराला आत टाकत्याल. त्यापायीच तर अडकून पडलाय त्यो. मला डोळं मिटायच्या आधी त्याला बघायचाय."

तिनं ओळख पटवल्याशिवाय केस उभी राहीना. मग आकुर्डीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना तिच्या घरी नेलं. ते स्वतः तिकडं शिकून आलेले. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आजी, विवरणपत्र भरावं लागतं हे खरं. मीही भरायचो. राहून गेलं तर उशिरा भरता येतं. निघताना कर खात्याचा दाखला लागलाच, तर तोही मिळतो. एवढ्यासाठी पोराला कोणी कोंडून ठेवत नाही."

"म्हंजी त्याला कुनी धरून ठिवलेला न्हाई?"

"नाही, आजी."

मला वाटलं, म्हातारी आता देवापुढं साखर ठेवील. ती पाटल्यांकडं बघत बसली.

"मग त्यो येत का न्हाई?"

मी जबाबाचे कागद काढले. तिनं पाटल्या ओळखल्या, अंगठा उठवला. त्या इसमाला शिक्षा लागली. कोर्टातून मुद्देमाल सुटल्यावर पाटल्या द्यायला गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "म्हातारी गेली, जमादार. पोरगा आला न्हाई. शेवटाला तिनं कुनाची वाटबी बघितली न्हाई."

खरं बाहेर काढणं हे आमचं काम. खरं कळलं की माणूस सुटतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. काही माणसं खोट्याला टेकून उभी असतात. ते काढलं की खाली येतात.

गेल्या साली माझी बायको गेली. त्याआधी दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं होतं. आत गेलो तर तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"दिवाळीला घरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "जमादार, जबानी पाठ केलेली दिसतीय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

आता घरात खरं काय, खोटं काय, विचारायलाच कोणी उरलं नाही.