पांढऱ्या फडक्यावरचा कीस

चिंगी झोपलेली नाही. दिवा तिने केव्हाच मालवला, पण भिंतीपलीकडे पलंग करकरतोय, थांबतोय, पुन्हा करकरतोय. पाठ टेकली की घोरायला लागणारी मुलगी ती. लहानपणी पाहुणे म्हणायचे, "हिच्या उशाशी ढोल बडवला तरी ही कूस बदलायची नाही." गेले काही दिवस मात्र ती नुसती कूसच बदलते आहे. मग मला कुठली झोप? स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत बसले आहे.

माझी मुलगी गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. हे वाक्य सरळ म्हणायला मला बराच काळ लागला. नातेवाइकांत मी "वाहनांच्या क्षेत्रात आहे" असं मोघम सांगायचे. चिंगी जवळपास असली की लगेच पुस्ती जोडायची, "हो ना. वाहन वर असतं आणि मी त्याच्याखाली उताणी."

कुठल्याही वस्तूच्या आत डोकावून बघायची तिला पहिल्यापासून खोड. बूट घालण्याआधी झटकायची, पाण्याची बाटली उजेडात धरायची, पेल्याच्या तळाशी बोट फिरवायची. "अगं, धुतलाय मी तो," मी चिडायचे. "धुतलास गं. पण बघितलास का?" हे गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो, तेव्हा तिने कॉलेज अर्धवट सोडलं आणि या गॅरेजात काम धरलं. मी बी.ए. झालेली बाई. मुलीच्या नखांत ग्रीस बघून मला रडू यायचं, आणि ते मी तिच्यापासून फारसं लपवलंही नाही.

गाडीच्या इंजिनातलं तेल गाळायला टमरेलाएवढा एक डबा असतो, ऑइल फिल्टर. तेल बदललं की तोही नवा बसवायचा. बाकीचे खोक्यातून काढतात आणि फिरवून घट्ट करतात. नवाकोरा माल, त्यात काय बघायचं? चिंगी आधी आत टॉर्च मारते. मग तोंड खाली करून, दोन्ही हातांनी धरून, तो पांढऱ्या फडक्यावर ठोकते. फडकी माझ्याच जुन्या चादरीची. मीच फाडून देते. कारखान्यात मधल्या भोकाला आटे पाडताना लोखंडाचा बारीक कीस कधीकधी आत अडकून राहतो म्हणे. एकदा चहा गाळताना तिने मला समजावलं होतं.

"कडेच्या बारक्या भोकांतून तेल आत जातं, गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात. आता गाळणीच्या खालच्या अंगालाच कचरा चिकटला असेल, तर तो कुठे जाईल?"

"कपात."

"पास झालीस. आणि लोखंड इंजिनात गेलं, तर ते चालता चालता जाम होतं."

गॅरेजातले मिस्त्री तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. "डॉक्टरीणबाई, पेशंटचा घसा बघून झाला असेल तर पाजा आता औषध, गिऱ्हाईक खोळंबलंय." त्यावर ही म्हणते, "मिस्त्रीकाका, तुम्हीही आ करा, टॉर्च हातातच आहे." "नको बाई, माझ्या तोंडातून तंबाखूच निघायची."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी फोन करते. दिवसातून किती, ते विचारू नये. जेवलीस का, पोचलीस का, आवाज का बसलाय. एकदा तिने कामाच्या घाईत माझा फोन कापला, तर मी घरातल्या सपाता घालून, केस न विंचरता थेट गॅरेजात हजर. गाडीखालून मिस्त्रींना आधी माझे पाय दिसले असणार, कारण तिथूनच आवाज आला, "डॉक्टरीणबाई, तुमची इमर्जन्सी आली." सगळे हसले. चिंगी हसली नाही. त्यानंतर तिने माझा फोन कधीच कापला नाही. मला वाटायचं, चला, पोरीला आईची कदर कळली.

आज दवाखान्यात गोळ्या आणायला गेले होते. तिथल्या नर्सबाई माझ्या चांगल्या ओळखीच्या. रक्तदाब मोजता मोजता नेहमी मला झापतात, "तुमच्या बीपीला गोळी नको, तुमच्या फोनला कुलूप हवं." जाताजाता म्हणाल्या, उद्या उजाडताच डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर निघतेय, आता आठवडाभर भेट नाही. आपल्या छोट्या गाडीतून त्या एकट्याच जातात. वाटेत गॅरेज सोडाच, निम्म्या रस्त्यावर फोनही लागत नाही. जेवताना मी हे सहज चिंगीच्या कानावर घातलं. तिचा हात ताटातच थांबला.

"त्याच गाडीने?"

"मग काय विमानाने? का गं?"

मग तिने सांगितलं. नर्सबाईंची गाडी तिनेच सर्व्हिसिंग करून दिली होती. ती गेली आणि दुसरी गाडी आली. त्याच खोक्यातला पुढचा फिल्टर तिने फडक्यावर ठोकला, तर नखाच्या कातरणाएवढा वळलेला कीस बाहेर पडला. तो घेऊन ती मालकांकडे गेली. मालक वाईट माणूस नाही. चार गॅरेजांनी हसून परत पाठवलेल्या मुलीला त्यांनीच कामावर घेतलं. पण फडक्याकडे बघून म्हणाले, "एकात निघाला म्हणजे सगळ्यांत असतो का? गावभर होईल की आपण न बघता माल बसवतो. पुढच्या सर्व्हिसिंगला गुपचूप बदलून टाकू."

"आणि तोवर?"

"तोवर गाडी पळतेय ना? पळू दे. तुला अगदीच सांगत फिरायचं असेल, तर आधी दुसरं गॅरेज बघ."

हे ते पाठ फिरवून म्हणाले, असं चिंगी म्हणाली. तोंडावर बोलायला त्यांनाही जमलं नसावं.

"पण तू तर प्रत्येक फिल्टर बघतेस," मी म्हणाले.

"तो नाही बघितला."

"का?"

"दोन्ही हात मोकळे नव्हते."

"म्हणजे? काय धरलं होतंस हातात?"

ती ताट उचलून मोरीत घेऊन गेली आणि उगाच घासत बसली.

आणि मग मला आठवलं. नर्सबाईंची गाडी गॅरेजात होती त्या दिवशी सकाळी ती खोकत निघाली होती. म्हणून मी फोन केला. गरम पाणी प्यालीस का विचारलं. मग नळ गळतोय ते सांगितलं, शेजारणीच्या मांजरीचं सांगितलं, आणि फिरून पुन्हा खोकल्यावर आले. ती हं, हं करत होती. मधेच पत्रा घासल्यासारखा आवाज आला. "कसला गं आवाज?" मी विचारलं होतं. "काही नाही. बोल तू."

बोल तू म्हणाली, आणि मी बोलत राहिले.

मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती पाठमोरीच म्हणाली, "चूक माझी आहे, आई. फोन बाजूला ठेवता आला असता." ठेवता आला असता का? ठेवला असता तर मी सपाता घालून निघालेच असते.

"मग आता कर ना नर्सबाईंना फोन."

"आणि उद्यापासून?" ती वळली. "दुसरीकडे कोण घेणार आहे मला?"

इथे मला एक गोष्ट लिहून टाकायलाच हवी, नाहीतर बाकीचं सगळं लिहून उपयोग नाही. ती हे बोलली तेव्हा क्षणभर माझ्या मनात आलं, जाऊ दे नोकरी, बरं झालं, सुटली पोर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला आत कुठेतरी हायसं वाटलं. नर्सबाईंचा त्या क्षणी विचारही आला नाही. तेव्हापासून मला माझाच राग येतोय. तिच्या हाताचं काम मी फोनने बिघडवलं, आणि वर ते काम सुटलं तर बरं म्हणतेय.

मघाशी पाणी प्यायला उठले, तर ओट्यावर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. उद्याचा डबा असेल म्हणून उघडलं. आत नवा फिल्टर, शेजारी तेलाचा कॅन, फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना आणि टॉर्च. सोबत दुकानाची पावती; सगळं तिने स्वतःच्या पैशाने आणलेलं. मी टॉर्च लावून भोकात डोकावले. मला कळण्यासारखं काही नव्हतं, पण फडकं अगदी स्वच्छ होतं. तिने ठोकून, बघून ठेवला होता. म्हणजे पोरीने सगळी तयारी केलीय. अडलंय ते फक्त फोनाशी. आणि फोन हे तर माझं खातं.

आत्ताच तिच्या दाराशी जाऊन आले.

"जागी आहेस ना? मी नर्सबाईंना फोन करतेय. पहाटे आपल्या दारावरून जा म्हणून सांगते. तू फिल्टर बदल."

पलंग करकरला. "नुसता बदलून नाही चालणार. जुना कापून बघावा लागेल. आत कीस निघाला तर त्या गाडीने जायचंच नाही, दुसरी गाडी बघा म्हणावं."

"सांगते."

"मालकांना कळेल, आई."

"कळेलच. न बघता कुणी बसवला आणि का बसवला, तेही त्यांना सांगेन. दोन्ही हात कशामुळे अडकले होते, ते."

पलंग पुन्हा करकरला. ती उठून बसली असावी. म्हणाली, "झोपल्या असतील त्या. शिव्या घालतील तुला."

"त्यांच्या शिव्यांची सवय आहे मला."

"बरं. पण थोडक्यात बोल."

तिने दिवा लावला. फटीतून उजेड बाहेर आला. आता वही मिटते. थोडक्यात काय बोलायचं, ते मनात दोनदा म्हणून बघितलंय: ना मांजर, ना नळ. नंबर पाठ आहे. लावते.