एक जूनची उमेदवार

आमच्या खेड्यापाड्यांतला अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना आई सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिशी झाला," आणि गुरुजी निमूट एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही तारीख तीच. त्यामुळं ग्रामपंचायतीच्या छाननीला निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून बसलो, तेव्हा ही तारीख किती खरी असते ते मला कुणी शिकवायला नको होतं.

फर्दापूरकडच्या एका वाडीतल्या मुलीचा अर्ज पुढं आला. समोरच्या उमेदवार बाईंच्या वकिलानं लगेच आक्षेप घेतला. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, म्हणजे एकवीस पूर्ण व्हायला बारा दिवस कमी पडतात, अर्ज बाद करा.

"साहेब, ती तारीख गुरुजींनी टाकलीय. मी माघातली हाय," मुलगी म्हणाली. "सिल्लोडच्या दवाखान्यात नोंद हाय. उद्यापर्यंत थांबा, कागद आणते."

वकील घड्याळ बघत होता, अर्जांचा गठ्ठा तसाच पडून होता. त्या दिवसांत मी ऊठसूट एआयला विचारायचो. टाइप केलं: दाखल्यानुसार वय एकवीसपेक्षा कमी, अर्ज वैध की बाद? बाद, असं उत्तर आलं, सोबत आदेशाचा मसुदाही. इतकी झाक भाषा मला सात जन्मांत जमली नसती. छापलं आणि सही ठोकली. डोक्याचा ताप गेला म्हणून बरंही वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आली. जन्म फेब्रुवारीतला. मी म्हणालो, "आता माझ्या हातात काही नाही. कोर्टात जावं लागेल."

"कोर्टाचा निकाल लागायला पाच वर्षं जातील, साहेब, तवर मुदतच सरंल," ती म्हणाली आणि दाखला परत पिशवीत घातला. त्या जागेला तिसरा अर्ज नव्हता. समोरच्या बाई बिनविरोध निवडून आल्या.

ती गेल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा टाइप केला. या वेळी एक ओळ वाढवली: उमेदवार पुराव्यासाठी एक दिवस मागत आहे. उत्तर आलं, संधी द्यावी, सुनावणी उद्यापर्यंत पुढं ढकलावी.

ती ओळ तिनं काल माझ्या तोंडावर सांगितली होती. मीच ती लिहिली नव्हती.